पाऊस न खाल्लेला कोपरा

सोलापूरहून निघताना

मी कुणाच्या घरी गेले की आधी भिंतींकडे बघते, मग माणसांकडे. सवय वाईट आहे, घरचे रोज ऐकवतात. पण इमारतींच्या पायाखालची माती तपासण्यात अर्धा जन्म गेल्यावर दुसरं काय होणार? लग्नात अक्षता टाकतानासुद्धा माझं लक्ष हॉलच्या तुळईकडे असतं.

त्यामुळे एप्रिल संपता संपता माझ्या मावसबहिणीचा, नंदाचा फोन आला आणि ती म्हणाली, "अक्का, नव्या घराला कोपऱ्यात भेग गेलीय, जरा येऊन बघतेस?" तेव्हा मला बसवेना. नंदाचं सासर रत्नागिरीच्या दक्षिणेला, पूर्णगडच्या खाडीवर, डोंगराच्या उतारावर. नवरा लग्नापासून मुंबईला छापखान्यात. गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस, एवढ्यापुरताच घरी. आता तो निवृत्त होऊन कायमचा गावी येत होता. मुंबईची खोलीही सोडून दिली होती. त्याच्यासाठी घरावर एक मजला चढवायचा आणि तोही पावसाच्या आत, असं ठरलं होतं. चिरे येऊन पडले होते, सिमेंट सांगून झालं होतं. भेगेचं घर हा मजला पेलेल की नाही, एवढंच मी जाऊन सांगायचं होतं.

एवढंच म्हणताना सोपं वाटतं. मी बॅगेत चार साड्या, शेंगाचटणी, मातीचे नमुने घ्यायच्या पिशव्या आणि एक पुरुषभर उंचीची लोखंडी सळई घेतली. सळई बॅगेत मावणारी नव्हती.

आंबा घाटाच्या खाली

कोल्हापूरला गाडी बदलताना कंडक्टरने सळईकडे बघून मान हलवली. "ताई, ही कुणाच्या डोळ्यात गेली तर मी डेपोत काय सांगू?" मी म्हटलं, माती तपासायची आहे. तो म्हणाला, "मातीचं काय तपासायचं त्यात? माती ती माती." शेवटी सळई ड्रायव्हरच्या शेजारी आडवी बसून गेली आणि मी मागे, चाकावरच्या सीटवर.

आंबा घाट उतरला की रंग बदलतो. आमच्याकडची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगांत वासराचा पाय अडकतो. तिच्यावरची घरं दर वर्षी थोडी वर, थोडी खाली होतात. तिच्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही, त्यामुळे तिने मला फसवलेलंही नाही. कोकणातल्या तांबड्या मातीवर मात्र सगळ्यांचा विश्वास. हातखंब्याच्या अलीकडे-पलीकडे रस्ता रुंद करताना डोंगर कापलेत, तिथे तिचं पोट उघडं पडलंय: वर जांभ्याचा टणक थर आणि त्याखाली गुलाबी-पांढरी मऊ माती, बोटाने उकरावी अशी. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकून बघत होते. शेजारची बाई घाबरली आणि म्हणाली, "काय दरड येते काय हो?" मी नाही म्हटलं, तरी तिने आपली पिशवी मांडीवर घेतली.

रत्नागिरी स्टँडवर उतरून, उकाड्यात दोन कोकम सरबतं पिऊन, पावसमार्गे पूर्णगडला जाणारी गाडी धरली. रत्नागिरी बघायची राहूनच गेली. कुणी विचारलं तर मी सांगते, स्टँडसमोरच्या इमारतीच्या जिन्याला मधोमध तडा आहे.

नंदाचं घर

घर देखणं आहे. मागची बाजू डोंगराला लागून, थेट कातळावर. पुढची बाजू खाडीकडे. उतारावर सपाट जागा मिळत नाही म्हणून पुढच्या अर्ध्या भागात चिरेखाणीतली माती आणि तुकडे टाकून भराव केलेला. त्या भरावावर घराचे पुढचे दोन कोपरे, एक खाडीच्या टोकाला, दुसरा रस्त्याच्या. गच्चीवर पिलरच्या सळ्या वर ठेवलेल्या, गंजू नयेत म्हणून प्रत्येकीवर प्लास्टिकची बाटली उपडी घातलेली. घराने वरच्या मजल्यासाठी हात वर करून ठेवले होते.

भेग खाडीकडच्या कोपऱ्यात होती. खिडकीच्या खालच्या कोनातून निघून तिरकी वर गेलेली, वर जाईल तशी रुंद. वरच्या टोकाशी माझं नख सहज आत जात होतं. त्या खोलीचं दार बसत नव्हतं, लाथ मारून लावावं लागे. रस्त्याकडचा दुसरा कोपरा मात्र ठणठणीत. एकच भराव, एकच गवंडी, एकच पाया, आणि बसला एकच कोपरा. माझ्या डोक्याला भुंगा लागला.

"तू आधी जेव गो," नंदा म्हणाली. ती सोलापूरची मुलगी, लहानपणी माझ्याबरोबर ज्वारीच्या भाकरीशी शेंगाचटणी खाणारी. आता तिचं बोलणं इथलं झालंय, वाक्याच्या शेवटी सूर असा वर जातो की प्रत्येक वाक्य प्रश्नासारखं वाटतं. ताटात तांदळाची भाकरी, ओल्या काजूची उसळ, कुळथाची पिठी. मी चटणीची पुडी उघडली तेव्हा तिने दोन चमचे आपल्या पानात घेतले.

तांदळाची उकड मळता मळता ती म्हणाली, "अक्का, मजला चढेल ना?"

"बघते ना मी. उद्या खड्डे घेऊ."

"चढायलाच हवा." तिने उकडीवर पाण्याचा हात फिरवला. "खरं सांगू? घाई ह्यांना नाय, मला हाय. लग्न झाल्यापासून हे पाहुण्यासारखे आले नि गेले. चार दिवस कसे सरतात कळत पण नाय. पण आता रोज? ह्या दोन खोल्यांत? पोरगी लग्न होऊन गेल्यापासून मी कधी उठले, कधी जेवले, कोण विचारणारा नाय. ह्यांना पहाटे रेडिओ लागतो, सगळं जागच्या जागी लागतं. मला भीती वाटते. वर खोली झाली की हे वर, मी खाली. हाक मारली तर ऐकू येईल, एवढं लांब."

मी उठून पुन्हा एकदा भेग बघून आले.

दोन खड्डे

नंदाचा चुलत दीर अनंत घरांची कामं घेतो. हे घर त्यानेच बांधलं. हसरा, भरदार माणूस, बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवायची सवय, माझ्या बाबतीत तो हात हवेत थांबे. सकाळी तो दोन गडी घेऊन आला.

"ताई, खड्डे मारा हवे तेवढे, पण भरावाची काळजी करू नका," तो म्हणाला. "तीन पावसाळे खाल्लेला भराव हाय. मी घाई केली नाय. भाऊ म्हणत होता लगेच बांधू, मी थांबवलं... म्हणजे वहिनीन पण थांबवलान. तीन पाऊस खाऊ दे, मगच पाया."

हे "पाऊस खाणं" मला फार आवडलं. आमच्या पुस्तकांत यासाठी पानंच्या पानं आहेत. ट्रकमधून ओतलेली कोरडी माती दिसते घट्ट, पण तिचे कण एकमेकांना कसेबसे टेकून उभे असतात आणि मधे सगळी हवा. कोरडी असेपर्यंत ती वजनही घेते. पाणी शिरलं की टेकू सुटतात आणि माती एकदम बसते. म्हणून भराव थराथराने टाकायचा, बेताचं पाणी मारायचं, रोलर फिरवायचा. पाणी नेमकं लागतं, नंदाच्या उकडीसारखं: कमी पडलं तर भाकरीला कडेने तडे जातात, जास्त झालं तर पीठ हाताला सोडत नाही. या उतारावर रोलर कोण चढवणार? म्हणून इकडची माणसं ते काम आभाळावर सोपवतात. कोकणातला पाऊस तीन वर्षं खाल्लेली माती बऱ्यापैकी बसते, आणि साध्या घरापुरतं ते बहुतेक वेळा निभावतंही. तेव्हा अनंताचं काही चुकलं होतं असं मला म्हणता येईना.

रस्त्याकडचा खड्डा घेतला. माती घट्ट, खोलवर ओलसर, कुदळीचा ठण् असा आवाज. सळई हातभर गेली आणि अडली. मग खाडीकडे घेतला. वरचा थर दबलेला, त्याखाली एकदम भुसभुशीत. बाजू धरेना, कोरडी माती साखरेसारखी घसरून खाली यायला लागली. मी सळई टेकवून नुसता जोर दिला, तर ती सरसर आत गेली आणि मी तिच्यामागोमाग खड्ड्यात. गुडघा सोलवटला. अनंताने हात देऊन वर काढलं, या वेळी हवेत न थांबता.

"ही माती पाऊस खाल्लेली नाही," मी म्हटलं.

"असं कसं ताई? एकाच दिवशी टाकलेली. हवं तर वहिनीला विचारा. उलट हा कोपरा जास्त वापरातला. पावसाळाभर हितं शाळा असायची. किती माणसांची ये-जा."

शाळा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर बालवाडी आली. पोरं नाचली-बागडली असतील तर माती उलट चेपली जायला हवी. कोडं सुटायच्या ऐवजी जास्तच गुंतलं. मी दोन्ही खड्ड्यांतली माती घेतली, नंदाच्या वजनकाट्यावर तोलली आणि तिच्या लोखंडी कढईत भाजायला घातली. किती पाणी उडतं ते बघायला आमच्यात हा झटपट उपाय आहे.

नंदा परसातून आली आणि दारातच थबकली. "माझ्या कढईत माती परततेस?"

"धुऊन देते."

"धुऊ नको. तीच घेऊन जा सोलापूरला."

खाडीकडच्या मातीतून पाणी जवळजवळ उडालंच नाही. दुपारी भाऊजी आले. नंदाचा नवरा, उंच, थोडा वाकलेला, हातात दोन ट्रंका आणि खांद्याला रेडिओची पिशवी. नंदा पाणी घेऊन पुढे गेली, त्यांनी पाणी घेतलं, "गाडी वेळेवर होती" म्हणाले. ती "बरं झालं" म्हणाली. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागली. भाऊजींनी आपल्या ट्रंका कोपऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवल्या. घर झाल्यापासून सुट्टीत त्यांची खाट त्याच खोलीत असे. दार लावायला त्यांनी लाथ मारली नाही, नुसतं लोटून बघितलं आणि तसंच उघडं ठेवलं.

पूर्णगड

मला एका जागी बसवत नाही हे बघून दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी म्हणाले, "चला अक्का, किल्ला दाखवतो." किल्ला लहानसा. जांभ्याचे तट, आत गवत, आणि पलीकडच्या दारातून एकदम समुद्र. खाली मुचकुंदीच्या मुखाशी होड्या परतत होत्या, बायका टोपल्या घेऊन उभ्या होत्या, वाळत घातलेल्या मासळीचा वास तटापर्यंत येत होता. मी तटाचे चिरे चाचपत फिरले. दर्यावर्दी माणसांनी किल्ला बांधला तो थेट कातळावर, भरावाच्या भानगडीत पडले नाहीत. मला हेवा वाटला.

भाऊजी तटावर टेकून खाडीच्या उताराकडे बघत होते. झाडीत त्यांचं घर दिसत होतं, बाटल्यांसकट.

"मजल्याचं काय वाटतं तुम्हाला?" ते म्हणाले.

"तुम्हाला हवाय का?"

"मला?" ते जरा हसले. "मला कुणी विचारलंच नाय अजून. सुनंदाला हवाय. तिचं घर आहे, तिनं उभं केलंय. मी म्हटलं, वर तर वर. मुंबईत पण मी माळ्यावरच झोपायचो." मग हात लांब करून दाखवलं. "हे घर व्हायच्या आधी गणपतीला आलो की नाक्यावर उतरल्याबरोबर पहिली शाळा दिसायची. तो कोपरा. निळे पत्रे आणि खाली ओळीने सगळे गणपती, काही रंगवलेले, काही पांढरेच. भर पावसात तेवढा एक कोरडा तुकडा. मला वाटायचं, घर आलं."

मी विचारलं, "शाळेत गणपती कशाला?"

"अहो, गणपतीची शाळा. मूर्ती करतात ती. तुमच्याकडे काय म्हणतात?"

आमच्याकडे कारखाना म्हणतात. मी तिथेच तटावर बसले. पाऊस सुरू व्हायच्या आधी पत्र्यांचा मांडव घालायचा आणि विसर्जनानंतर काढायचा, कारण गावात दुसरी सपाट जागा नाही. तीनही वर्षं. वरून पडलेलं पाणी पन्हळीने रस्त्याकडे सोडलेलं. एका कोपऱ्याने दुप्पट पाऊस खाल्ला आणि दुसरा तीन पावसाळे उपाशी राहिला. अनंताने वर्षं बरोबर मोजली होती. पाऊस पडला होता, फक्त त्या मातीवर पडला नव्हता. मग घर झालं, गच्चीच्या पाण्याचा पाइप नेमका त्या उपाशी कोपऱ्यात उतरवला, आणि गेल्या पावसात त्या मातीने पहिल्यांदा पाणी बघितलं. वरचा थर बसला. खालचा अजून बसायचाच होता. आणि आम्ही त्याच्या डोक्यावर एक मजला ठेवायला निघालो होतो.

मी उतरताना जवळजवळ पळतच होते. मागून भाऊजी विचारत होते, काही चुकीचं बोललो का.

चिऱ्यांचा ढीग

नुसतं सांगून कुणाला पटलं नसतं, मलाही नसतं पटलं. खड्ड्याच्या तळाशी कोरड्या मातीवर अनंताकडून चिरे रचून घेतले, छातीइतका ढीग. ढीग हलेना. अनंत म्हणाला, "बघा, पेललान की."

"आता पाणी ओता."

त्याने एक बादली ओतली. काही झालं नाही. दुसरी ओतली. मातीतून बारीक बुडबुडे आले, मग ढीग हलकेच एका बाजूला झुकला आणि वीतभर खाली बसला. आवाज फारसा झाला नाही. पडवीत उभ्या असलेल्या नंदाने तोंडावर पदर घेतला.

अनंत खड्ड्यात बघत होता. "तो मांडव मीच घालून द्यायचो," तो म्हणाला. "दर वर्षी. माझ्या हातान."

मग मी सांगितलं. मजला नाही. मागच्या, कातळावरच्या भागावर हलकी खोली चढवावी असा विचार मी वाटभर करून बघितला होता, नंदासाठी. पण तसं केलं तर वजन एकीकडे, बसणं दुसरीकडे, भेग आणखी ताणली जाणार. आधी पाइप तिथून काढायचा, मग पावसाच्या आत त्या पिलरखाली थोडं थोडं खणून कातळापर्यंत काँक्रीट न्यायचं. अनंत म्हणाला, उद्यापासून लागतो. यंदाचा पाऊस जाईपर्यंत कोपऱ्याच्या खोलीत कुणी झोपायचं नाही. वरचा मजला पुढे कधी चढेल हे मी सांगू शकत नाही, कदाचित कधीच नाही.

हे सगळं मी नंदाकडे न बघता बोलले. तिच्यासमोर नाही म्हणताना मला रडू येत होतं, आणि खड्ड्यातल्या मातीचा मला मनापासून राग आला होता.

"म्हणजे राहिली मधली खोली," नंदा म्हणाली.

मधली खोली तिची. ती आत गेली, आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. भाऊजी चप्पल घालून अंगणात गेले, परत आले, पुन्हा गेले. मी बॅग भरायला घेतली. माझी गाडी दुपारची होती, पण मला आत्ताच रस्त्यावर जाऊन उभं राहावंसं वाटत होतं.

मग भाऊजी आणि अनंत कोपऱ्याच्या खोलीतून खाट उचलून निघाले. जुनी सागवानी खाट, वळवताना पडवीत तिचे पाय दोनदा भिंतीला लागले. मधल्या खोलीच्या दाराशी आले आणि भाऊजी थांबले. खाटेचं पुढचं टोक त्यांच्या हातात, ते पाठमोरे, उंबऱ्याच्या बाहेर. नंदा आत ट्रंक सरकवून जागा करत होती.

"सुनंदा," ते मान वळवून म्हणाले, "येऊ का आत?"

ती सरकवता सरकवता थांबली. संसार करून लेक परक्या घरी धाडलेला माणूस, तिच्या खोलीत यायला परवानगी मागत उभा होता. ती त्यांच्याकडे बघतच राहिली. अनंताच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"विचारत काय राहिलात," नंदा म्हणाली. "जड हाय ती. ठेवा हितं." आणि पुढे होऊन तिने त्यांच्या हाताशेजारी हात लावला.